परसातील तंबाखू : बी, शब्द आणि राजसत्ता

१

काही वर्षांपूर्वी, पावसाळ्याच्या आरंभी, प्रस्तुत लेखकाने आपल्या घरामागील परसात तंबाखूचे चिमूटभर बी टाकून पाहिले. त्यामागील हेतू पीक घेण्याचा नव्हता. तंबाखूविषयक मराठी शब्दांची टिपणे करीत असता 'राब', 'रोप टाकणे', 'लावण', 'खुडणे' हे शब्द वारंवार समोर येत होते. कोशांतून त्यांचा अर्थ मिळत होता; परंतु त्यांच्यामागील क्रियांचा क्रम व त्या क्रमाचे कारण कोशातून उमगत नव्हते. तेव्हा वाफ्यापाशी बसण्यावाचून गत्यंतर नव्हते.

पहिला प्रयत्न सपशेल फसला. वांग्याचे बी टाकतो त्याप्रमाणे बोटभर खोल रेघ ओढून, बी सोडून, वर माती लोटली. तीन आठवडे वाट पाहूनही एक अंकुर दिसला नाही. दुसऱ्या खेपेस एका वृद्ध शेतकऱ्याच्या सांगण्यावरून बी बारीक चाळलेल्या राखेत मिसळले, रांगोळी सोडावी तसे चिमटीतून वाफ्याच्या पृष्ठभागावर सोडले, वर माती मुळीच घातली नाही. केवळ गवताच्या काड्या विरळ पसरल्या आणि बारीक भोकांच्या झारीने सकाळ-संध्याकाळ पाणी शिंपडले. दहाव्या दिवशी मातीवर हिरवट बुरशी आल्याचा भास झाला. ती बुरशी नसून तंबाखूची रोपे होती.

या दोन प्रयत्नांतील फरकाचे कारण बियाच्या आकारात आहे. तंबाखूच्या एका ग्रॅममध्ये सुमारे दहा ते तेरा हजार बिया मावतात. एवढ्याशा बीजात अंकुराला मातीचा जाड थर भेदून वर येण्याइतका साठा नसतो; शिवाय पुष्कळ वाणांच्या बियांना उगवण्यासाठी प्रकाशाचीही गरज असते. म्हणून तंबाखू 'पेरीत' नाहीत. आधी वाफ्यात रोप टाकतात, दीड-दोन महिन्यांनी ते वीतभर झाले म्हणजे उपटून शेतात लावतात. 'पेरणे' आणि 'लावणे' या दोन मराठी क्रियापदांतील भेद येथे काटेकोरपणे पाळला जातो, तो उगीच नव्हे.

प्रस्तुत लेखात असे दाखविण्याचा प्रयत्न आहे की, बियाचे हे सूक्ष्मत्व तंबाखूच्या इतिहासातील एक प्रमुख कारण आहे. त्यामुळेच ही वनस्पती शे-दीडशे वर्षांत जगभर पसरली आणि त्यामुळेच राजसत्तांना तिच्यावर नियंत्रण ठेवणे इतके अवघड गेले. या दोन्ही गोष्टी ज्या ठिकाणी प्रथम घडल्या ते ठिकाण बहुधा मोठे शेत नव्हते. ते घराचे परस किंवा बागेचा कोपरा होता.

२

तंबाखूच्या दोन प्रमुख लागवडीच्या जाती, 'निकोटिआना टाबाकम' व 'निकोटिआना रस्टिका', या दोन्ही अमेरिका खंडातील होत. त्यांपैकी पहिली दोन वन्य जातींच्या संकरातून दक्षिण अमेरिकेत निर्माण झाली, हे गुणसूत्रांच्या अभ्यासावरून सिद्ध झाले आहे. तिचे ते वन्य पूर्वज भारतात आढळत नाहीत. ही गोष्ट आरंभीच स्पष्ट करणे आवश्यक आहे. कारण 'ताम्रकूट' किंवा 'तमाखु' असा संस्कृत शब्द आढळला म्हणून तंबाखू ही प्राचीन भारतीय वनस्पती होय, असे अनुमान अद्यापही अधूनमधून ऐकू येते. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात पाचव्या अध्यायात धूमवर्तीचे वर्णन आहे, हेही त्या अनुमानाच्या पुष्ट्यर्थ सांगण्यात येते.

या युक्तिवादात दोन भिन्न गोष्टींची गल्लत आहे. औषधी द्रव्यांची वर्ती करून तिचा धूर घेण्याची रीत आपल्याकडे प्राचीन आहे, यात शंका नाही. परंतु चरकाच्या द्रव्यांत तंबाखू नाही. क्रिया जुनी असली म्हणजे त्या क्रियेत पुढे वापरली गेलेली वस्तूही जुनी ठरत नाही. 'तमाखु' हा शब्द तर लोकभाषेत रूढ झालेल्या परकीय नावाला चढविलेला संस्कृत वेष आहे. भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरातील परशुराम कृष्ण गोडे यांनी तंबाखूच्या संस्कृत उल्लेखांचा परिश्रमपूर्वक मागोवा घेतला; ते उल्लेख सतराव्या शतकापासूनच्या ग्रंथांतले आहेत. शब्दाचा वेष प्राचीन असणे आणि शब्द प्राचीन असणे, यांतील फरक विद्यार्थ्यांनी सदैव ध्यानी ठेवावा.

३

युरोपात ही वनस्पती प्रथम बागेतच रुजली. ज्याँ निको हा फ्रान्सचा वकील १५५९ ते १५६१ या काळात लिस्बन येथे होता. तेथील बागेत वाढविलेल्या या झाडाची कीर्ती त्याने १५६० मध्ये पत्राने फ्रान्सला कळविली व त्याचे बी राजदरबारी धाडले. त्याच्या लेखी ते व्यसनाचे झाड नव्हते. चिघळलेल्या, बऱ्या न होणाऱ्या व्रणांवरचे ते औषध होते. भाषाभ्यासकाला निको आणखी एका कारणाने जवळचा वाटावा. तो कोशकार होता. त्याचा फ्रेंच भाषेचा कोश त्याच्या मृत्यूनंतर, १६०६ मध्ये, प्रसिद्ध झाला. पुढे लिनीअसने १७५३ मध्ये या वनस्पतीच्या प्रजातीला दिलेले 'निकोटिआना' हे नाव आणि १८२८ मध्ये जर्मनीत तिच्यापासून वेगळ्या काढलेल्या विषारी द्रव्याचे 'निकोटीन' हे नाव, ही दोन्ही या कोशकाराच्याच नावावरून आलेली आहेत. ज्याने ही वनस्पती असाध्य व्रणांवरचा उपाय म्हणून पाठविली, त्याचे नाव आज तोंडाच्या व फुप्फुसाच्या कर्करोगाच्या चर्चेत घेतले जाते, हा इतिहासाचा क्रूर विनोद होय.

इंग्लंडमधील वृत्तांत अधिक उद्बोधक आहे. पहिल्या जेम्स राजाने १६०४ मध्ये तंबाखूच्या निषेधार्थ पुस्तिका लिहिली आणि त्याच वर्षी आयात तंबाखूवरील जकात अनेक पटींनी वाढविली. जॉन रोल्फ याने १६१२ मध्ये व्हर्जिनियात नव्या वाणाची लागवड केली आणि १६१४ मध्ये तेथील माल इंग्लंडला येऊ लागला. राजाचा द्वेष व राजाचा खजिना यांची येथून फारकत झाली. परदेशातून येणाऱ्या प्रत्येक पौंडावर जकात मिळत होती. इंग्लंडच्याच मातीत पिकलेल्या तंबाखूवर मात्र काहीही मिळत नव्हते. ग्लॉस्टरशरमधील विंचकूम परगण्यात १६१९ मध्ये तंबाखूची लागवड सुरू झाली आणि त्याच वर्षाच्या अखेरीस राजाने इंग्लंड व वेल्समधील लागवडीवर बंदी घातली.

ही बंदी मोडण्यात लहान कुळे व मजूर आघाडीवर होते, यात आश्चर्य नाही. थोड्या जमिनीत पुष्कळ हातांना काम देणारे दुसरे पीक त्यांच्यापाशी नव्हते. १६४९ मध्ये राजाचा शिरच्छेद झाला, प्रजासत्ताक आले. परंतु या बाबतीत धोरण बदलले नाही. १६५२ मध्ये पार्लमेंटनेच नवा प्रतिबंधक कायदा केला. १६५८ मध्ये उभे पीक नष्ट करण्यासाठी आलेल्या शिपायांना चेल्टनहॅमजवळ शेकडो लोकांनी अडविले. पुढे राजसत्ता परत आली, तरी १६६७ मध्ये घोडदळाच्या तुकड्या विंचकूमची तंबाखू तुडविण्यास जात होत्या. सॅम्युएल पीप्सच्या त्या वर्षीच्या दैनंदिनीत त्याची नोंद आहे. एका क्षुद्र दिसणाऱ्या बियाविरुद्ध तीन भिन्न राजवटींनी सुमारे सत्तर वर्षे मोहीम चालविली.

या कायद्यांपैकी १६६० च्या कायद्यात एक अपवाद आहे आणि आपल्या विषयाच्या दृष्टीने तो फार मोलाचा आहे. विद्यापीठांच्या औषधी बागांत, तसेच कोणाच्याही खाजगी बागेत, केवळ औषधोपचारासाठी तंबाखू लावण्यास मुभा होती. मात्र खाजगी बागेतील ती जागा अर्ध्या पोलपेक्षा अधिक असता कामा नये. एक चौरस पोल म्हणजे २७२ चौरस फुटांहून किंचित अधिक. त्याचे अर्धे सुमारे १३६ चौरस फूट. तीन-तीन फुटांवर रोपे लावली तर त्यात पंधरा झाडे बसतात. सत्तेने घरगुती बागेची मर्यादा अशी फुटांत मोजून दिली.

आता बियाकडे वळू. पंधरा झाडांना लागणाऱ्या पंधरा बियांचे वजन सव्वा-दीड मिलिग्रॅम होते. त्याच अंतराने एक एकर लावावयाचा तर सुमारे ४,८४० रोपे लागतील. तेवढ्या बियांचे वजन अर्ध्या ग्रॅमहूनही कमी. काही बी उगवत नाही, काही रोपे मरतात, म्हणून प्रत्यक्षात याच्या कितीतरी पट बी टाकावे लागते; तरीही ते मुठीत मावते. त्यातच एका झाडाला बोंडे पुष्कळ लागतात आणि एकेका बोंडात हजारांनी बी असते. पंधरा झाडांपैकी एकाचा शेंडा न खुडता ते बियाला सोडले, तर सगळ्या गावाला पुरून उरेल. अर्धा पोल जागा मोजता येते. तिच्यातून निघणारे बी मोजता येत नाही. औषधी बागेचा अपवाद ठेवला तेव्हाच बी देशात राहणार हे ठरून गेले. म्हणून शासनाला बियावर बंदी घालण्याचा मार्ग नव्हता. उभे पीक तुडविणे एवढाच मार्ग उरला होता.

४

दख्खनमध्ये तंबाखू पोर्तुगीजांच्या समुद्रमार्गाने आली. मुघल दरबारातील असद बेग हा विजापूरहून परतताना तंबाखू व रत्नजडित नळी घेऊन गेला आणि १६०४-०५ च्या सुमारास त्याने ती अकबरापुढे ठेविली. त्याच्या कथनाप्रमाणे ही वस्तू त्याने हिंदुस्थानात पूर्वी पाहिली नव्हती. ती त्याला विजापुरात मिळाली. राजवैद्याने विरोध केला. आपल्या शास्त्रकारांनी न सांगितलेली रीत का स्वीकारावी, हा वैद्याचा आक्षेप. तर जगातील प्रत्येक रीत केव्हातरी नवीच होती, हे असद बेगचे उत्तर. अकबराने पुढे तिचा नाद धरला नाही, पण सरदारांनी धरला आणि व्यापारी ती विकू लागले. १६१७ मध्ये जहांगीराने तंबाखूस मनाई केली, म्हणजे बारा-तेरा वर्षांत ती मनाई करण्याइतकी पसरली होती. १६१६ ते १६१९ या काळात भारतात असलेल्या एडवर्ड टेरी या इंग्रज धर्मोपदेशकानेही येथे तंबाखू विपुल पिकते, पण ती नीट पक्व करून कडक बनविण्याची विद्या लोकांना अवगत नाही, असे नोंदविले आहे.

टेरीच्या या नोंदीत एक महत्त्वाचे सत्य आहे. बी सहज प्रवास करते. पानाच्या पुढच्या संस्कारांची विद्या तितक्या सहजपणे प्रवास करीत नाही. मग लागवडीची विद्या एवढ्या त्वरेने कोठून आली? या प्रश्नाचे उत्तर दरबारी वृत्तांतांत सापडत नाही. ते शब्दांत सापडते.

मराठीतील तंबाखूविषयक शब्दांचे तीन थर पडतात. पहिला थर नावाचा. 'तंबाखू' हे नाव परकीय आहे. पोर्तुगीज 'ताबाकु' व फारसी 'तंबाकू' ही दोन्ही रूपे त्याच्या मागे उभी आहेत. दुसरा थर सेवनाचा. 'हुक्का' अरबी, 'चिलीम' फारसी, 'जर्दा' म्हणजे मूळ फारसीत पिवळेपणाशी संबंधित शब्द. दरबार, छावणी व बैठक यांच्या वाटेने हे शब्द आले. हिंदीत विडी 'पितात', मराठीत ती 'ओढतात'. फारसीतही धुरासाठी 'ओढणे' याच अर्थाचे 'कशीदन' हे क्रियापद योजितात, हे साम्य लक्षात घेण्यासारखे आहे. या थरात देशी शब्दही मिसळले. 'गुडगुडी' ध्वन्यनुकारी आहे. 'विडी' हा तर संस्कृत 'वीटिका'पासून आलेला, मूळ नागवेलीच्या पानांच्या विड्याच्या कुळातला शब्द. नव्या वस्तूने जुन्याचे नाव घेतले. तपकिरीने तर भाषेला एक रंग दिला. 'तपकिरी' म्हणताना आज कोणाला नाकात ओढण्याची पूड आठवतही नाही.

तिसरा थर लागवडीचा, आणि येथे परकीय शब्द जवळजवळ नाहीतच. वाफा, राब, रोप, लावण, शेंडा खुडणे, फुटवे काढणे, पान, देठ हे सर्व शब्द घरचे आहेत. कारण उघड आहे. तंबाखू ही वांग्याच्या कुळातील वनस्पती. वांग्याचे रोप वाफ्यात टाकून मग लावण्याची रीत मराठी परसात तंबाखूच्या कितीतरी आधीपासून होती. कोकणात व घाटमाथ्यावर भाताच्या रोपासाठी पालापाचोळा, शेण व काटक्या जमिनीवर पसरून जाळण्याची, म्हणजे राब भाजण्याची, पद्धत होती. त्यायोगे तण व कीड नष्ट होते आणि राखेचे खत मिळते. अत्यंत सूक्ष्म बियाच्या, तणापुढे टिकू न शकणाऱ्या तंबाखूच्या रोपाला हीच पद्धत हवी होती. पुढे इंग्रज शेतीतज्ज्ञांनी ती पद्धत पाहिली तेव्हा त्यांना स्वतःच्या भाषेत तिला शब्द मिळाला नाही. त्यांनी 'राब'वरूनच क्रियावाचक नाम बनविले आणि तंबाखूच्या रोपवाटिकांवरील इंग्रजी लिखाणात ते आजही वापरले जाते. वनस्पतीचे नाव बाहेरून आत आले. तिला जगविण्याच्या विद्येचे नाव आतून बाहेर गेले.

असद बेगाने जडावाची नळी नेली याचे वर्णन झाले. विजापूरच्या आसमंतात ते पान कोणी पिकविले, त्याची नोंद कोणी केली नाही. त्या अनाम माळ्याचे व कुणब्याचे कर्तृत्व या तिसऱ्या थराच्या शब्दांतच काय ते शिल्लक आहे.

येथे एक सावधगिरीची सूचना केली पाहिजे. शब्दाच्या रूपावरून काळ काढण्याचा मोह टाळावा. कानडीत तंबाखूला 'होगेसोप्पु' म्हणतात, तमिळमध्ये 'पुगैयिलै', तेलुगूत 'पोगाकु'; या सर्वांचा अर्थ 'धुराचे पान'. परकीय नाव न घेता या भाषांनी देशी नाव घडविले. निपाणीच्या परिसरात एकाच बांधावर एक शेतकरी 'तंबाखू' म्हणतो व दुसरा 'होगेसोप्पु'. म्हणून एकाच्या शेतात ती परदेशातून आली आणि दुसऱ्याच्या शेतात अनादी काळापासून होती, असे कोणी म्हणणार नाही. 'तमाखु'वरून प्राचीनत्व सिद्ध करणाऱ्यांच्या युक्तिवादात नेमकी हीच चूक आहे. शब्द वस्तूचा मार्ग सुचवितात, तिच्याशी संबंध आलेल्या समाजांची ओळख देतात. जन्मतारीख मात्र देत नाहीत.

५

सत्तेचा हात येथेही पोहोचला. पोर्तुगालने १६७४ मध्ये लिस्बन येथे तंबाखूच्या कारभारासाठी स्वतंत्र मंडळ स्थापिले. ब्राझीलमधील बाहियाची तंबाखू गोव्यात येत असे आणि तिच्या विक्रीचा मक्ता दिला जात असे. ज्या किनाऱ्यावरून बी आत गेले त्याच किनाऱ्यावर पान मक्त्याने विकत घ्यावे लागावे, ही गोष्ट विंचकूमच्या कुळांना नवी वाटली नसती. ब्रिटिश अमदानीत, दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, १९४३ मध्ये भारतातील तंबाखूवर उत्पादन शुल्क बसविण्यात आले. कच्च्या तंबाखूवरील ते शुल्क १९७९ मध्ये रद्द झाले. परंतु उत्पादकाची गाऱ्हाणी शुल्काबरोबर संपली नाहीत. १९८१ मध्ये निपाणी येथे शरद जोशी यांच्या नेतृत्वाखाली तंबाखू उत्पादकांनी रास्त भावासाठी महामार्ग अडविला. एप्रिलमध्ये झालेल्या गोळीबारात शेतकरी मृत्युमुखी पडले. चेल्टनहॅमच्या वाटेवरचा जमाव आणि निपाणीच्या रस्त्यावरचा जमाव यांच्या मागण्या भिन्न होत्या. एकास पीक घेण्याचा अधिकार हवा होता, दुसऱ्यास पिकाची किंमत. तथापि दोन्ही ठिकाणी पानाचे मोल शेताबाहेर ठरत होते आणि त्याचा भार शेतात पडत होता.

तंबाखूची हानी आज निर्विवाद आहे आणि प्रस्तुत लेखाचा हेतू तिचे गुणगान करण्याचा नाही. परंतु ज्यांनी ती पिकविली त्यांचे कौशल्य व त्यांचे हाल हे त्या हानीमुळे इतिहासातून वगळण्याजोगे ठरत नाहीत.

शेवटी वाफ्यापाशीच परत येऊ. लेखकाच्या परसातील नऊ रोपे जगली. त्यांपैकी दोन झाडांच्या बुडाशी काही दिवसांनी फिकट, पाने नसलेले, जांभळट फुलांचे कोंब वर आले. ते दाखविताच त्याच वृद्ध शेतकऱ्याने एका शब्दात निदान केले : "बंबाखू." ही तंबाखूच्या मुळांवर जगणारी परोपजीवी वनस्पती होय. तिच्यात हरितद्रव्य नसते. तिचे बी तंबाखूच्या बियाहूनही बारीक असते, वर्षानुवर्षे मातीत पडून राहते आणि यजमान वनस्पतीच्या मुळांतून पाझरणाऱ्या द्रव्याची चाहूल लागताच रुजते. लेखकाचे बी ज्या शेतातून आले, तेथूनच तेही आले असावे. तंबाखू-बंबाखू ही जोडी ऐकताच 'भाकरी-बिकरी'सारख्या मराठी प्रतिध्वनी शब्दांची आठवण होते. परकीय नावाला देशी पद्धतीने जोडीदार घडविणाऱ्या त्या अज्ञात शेतकऱ्याला ही गोष्ट बरोबर दिसली होती की, एक बी आले की त्याच्या पाठोपाठ, न बोलाविता, दुसरेही येते. तंबाखूच्या इतिहासात वैद्य, व्यापारी, मक्तेदार व जकातदार असेच एकामागून एक आले.